पापलेटाच्या भावाची तांबडी

वसईच्या मासळीबाजारात पापलेट महाग झालं की ज्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही, असा माणूस डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्यावर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. बाकीचं जग पापलेटाचा भाव ऐकून कपाळाला हात लावतं, बांगड्यावर भागवतं आणि घरी जाऊन सरकारला शिव्या घालतं. आमचे साडूभाऊ भाव ऐकतात, समाधानाने मान डोलावतात, एकही मासा न घेता रिकामी पिशवी काखेत मारतात आणि तडक वाइनच्या दुकानाची वाट धरतात. त्यांचा नियमच तसा आहे. चाखणीसाठी आणायची तांबडी वाइन त्या दिवशीच्या पापलेटाच्या जोडीपेक्षा एका पैशानेही महाग असता कामा नये. का, म्हणून मी एकदा विचारायची चूक केली होती. तेव्हा त्यांनी मला अंगणातच उभं करून समजावलं, "हे बघ, पापलेट खाऊन माणूस तृप्त होतो, ह्याची आपल्याला खात्री आहे. बाटलीची खात्री कोण देतो? मग बिनखात्रीच्या वस्तूला खात्रीच्या वस्तूपेक्षा जास्त पैसे द्यायचे, हा कुठला हिशेब?" ह्याला उत्तर नाही. मी शोधून पाहिलंय.

ह्या नियमामुळे आमचं ऋतुचक्र मात्र जगाच्या उलटं फिरतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बाजारात पापलेट दिसलंच तर सोनाराकडच्या वस्तूसारखं दिसतं, आणि तेव्हा आम्ही राजेमहाराजे पितात तसली पितो. ऑक्टोबरात अर्नाळ्याच्या होड्या भरून येऊ लागल्या, की सगळा तालुका खूश होतो आणि आमचे चेहरे पडतात. बाजारातली ठरलेली कोळीण तर त्यांना लांबून बघूनच हाका मारायला लागते. "ओ सर! आज तरी घेनार, का नुसताच भाव इचारनार? रोज इचारून जाता, शाळत पोरांना शिकवता काय माजा भाव?"

"बाय, तुझ्या पापलेटावर माझी बाटली ठरते."

"मंग माज्या पापलेटाला पन एक घोट पाठवा की! कोरडंच मेलंय बिचारं!"

सर म्हणते, कारण साडूभाऊ भूगोलाचे मास्तर होते. होते हे मी कागदोपत्री म्हणतोय. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी ताईच्या हातात ठेवलं (ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण), आणि वर्गातला वसई तालुक्याचा जुना नकाशा मागून घेतला. कापडावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या, मधोमध एका पिढीने शाईचा ठिपका पाडलेला. तो आता त्यांच्या ओटीवर टांगलेला आहे. खालच्या खिळ्याला छडी. माझी खात्री आहे, की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले असतील, ओटीवर येऊन समोर पोरं नाहीत हे बघून गोंधळले असतील आणि मग समोर बाटल्या मांडून त्यांची हजेरी घ्यायला लागले असतील. आमच्या मंडळाचा उगम हाच. बाकी कोणी काही सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका.

मंडळाचं नाव 'तांबडी मंडळी'. ह्या नावापायी आम्ही एकदा तुरुंगात जाता जाता वाचलो, असं मी लोकांना सांगतो, खरी गोष्ट एवढीच, की नुकताच बदलून आलेला एक पोलीस शिपाई साडूभाऊंच्या कुंपणापाशी थांबून "लाल बावट्याची सभा इथंच का?" असं विचारून गेला होता. साडूभाऊ त्याला म्हणाले, "सभा इथंच. बावटा बाटलीत आहे." सभासद मोजकेच. साडूभाऊ अध्यक्ष, ताई, मी, माझी बायको, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे पेला अजून चेक तपासल्यासारखा उजेडाकडे धरतात, आणि एक केळीचा बागायतदार, ज्याच्या मिशा इतक्या भरघोस, की अर्धी वाइन तिथेच मुक्कामाला राहते. वर्षातून चार-पाच रविवारी, दुपारी, चर्चमधली मिस्सा आटोपून जेवणाआधी आम्ही ओटीवर जमतो. सहा बाटल्या, सहाही तांबड्या. पांढरी चालत नाही. "पांढरी फ्रिजमधून काढतात," साडूभाऊ म्हणतात, "आणि थंडीत कोण कसा आहे ते कळत नाही, सगळेच स्वेटर घालून बसतात."

आता ह्या सहा बाटल्या निवडणं म्हणजे लोकांना वाटतं दुकानात गेलं आणि आणल्या. साडूभाऊ दुकानात शिरले, की आतला पोरगा खुर्चीवरून उठून उभा राहतो आणि मालक मागच्या दाराने निघून जातो, असं म्हणतात. मी सोबत गेलोय, म्हणून सांगतो: मालक जात नाही, फक्त देवाचं नाव घेतो. साडूभाऊ आधी दुकानाचा भूगोल बघतात. पश्चिमेचं ऊन कुठल्या फळीवर पडतं? त्या फळीवरच्या बाटल्या बाद. "उन्हात बसवलेली वाइन म्हणजे शेवटच्या बाकावरचा पोरगा. दिसतो तिथे, असतो भलतीकडे." मग बाटली हातात घेऊन जोखतात. जड लागली, की परत. "काचेचे पैसे आपण का द्यायचे? आपण काच पितो काय?" मग बुडाला अंगठा घालून खड्डा बघतात. अंगठा पहिल्या पेरापर्यंत गेला तर ठीक, अख्खा आत गेला तर, "एवढा खड्डा आपल्या रस्त्यावर पडला असता तर मोर्चा काढला असता." लेबलवर किल्ला असेल, घोडा असेल, सोनेरी मुकुट असेल, तर बाटलीला हातसुद्धा लावत नाहीत. "घोड्याचा चारा आपल्या अंगावर नको." उरतात त्या साध्या, हलक्या, चारचौघींसारख्या दिसणाऱ्या बाटल्या, आणि त्यांतली पापलेटाच्या भावाच्या आत बसेल ती घरी येते.

त्यांची एकुलती एक लेक पुण्याला नोकरी करायची. ती एकदा म्हणाली, "पप्पा, एवढं कशाला करता? फोनवर अ‍ॅप आहे. बाटलीचा फोटो काढला की किती तारे ते सांगतं."

"तारे?" साडूभाऊ म्हणाले. "बाय, तारे खगोलात येतात. आपला विषय भूगोल."

आणि हे अगदी खरं. कारण ह्या माणसाची सगळ्यात मोठी करामत अजून मी सांगितलेलीच नाही. वाइनची पुस्तकं लिहिणारे लोक पेल्यात नाक घालतात आणि त्यांना आत ब्लॅकबेरी सापडते, चेरी सापडते, घोड्याच्या खोगिराचं चामडं सापडतं. साडूभाऊंनी असलं एक पुस्तक वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर मिटलं. "ब्लॅकबेरी मी खाल्लेली नाही, तू खाल्लेली नाहीस, आणि खोगीर आपल्या दोघांत कोणीच चाटलेलं नाही. मग कशाला खोटं बोलायचं?" त्या दिवसापासून आमच्या मंडळात वाइनला फक्त गाव सांगायचं. पेला नाकाशी न्यायचा, एक घोट जिभेवर फिरवायचा, उठायचं, छडी घ्यायची आणि नकाशावर गाव दाखवायचं. खारा वारा लागला, की अर्नाळा. हे अर्नाळाही दोन तऱ्हेचं. एक नुसता समुद्र, दुसरं काठीवर बोंबील वाळत घातलेले असताना अंगावर येतं ते. कापलेल्या भाताच्या पेंढ्याचा, ऊन खाल्लेल्या मातीचा वास आला, की चांदीप. फुलांचा आला, की वाघोली. उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, म्हणजे आपल्या सुकेळीचा गोड चिकट वास आला, की आगाशी. आणि ज्या वाइनमध्ये सगळंच एकदम अंगावर येतं, कोण आपला, कोण परका कळत नाही, ती 'नालासोपारा पश्चिम, संध्याकाळी सात'. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, परदेशातल्या मोठ्या हॉटेलात काम केलेला एक माणूस एकदा आमच्यात बसला होता. तासाभरात तो म्हणाला, की आयुष्यात पहिल्यांदा मला वाइन कळली. दुसऱ्या तासाला म्हणाला, की पहिल्यांदा वसई कळली. तिसऱ्या तासाला काय म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ह्या नकाशात एकच गाव असं होतं, ज्याचं नाव निघालं की बाटली संपली, म्हणजे तिची कारकीर्द संपली. कामण. वसईहून भिवंडीला जाणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल. त्या रस्त्याला मोठमोठी गोदामं, उभे कंटेनर, आणि उतरवलेल्या खोक्यांचे ढीग. ज्या वाइनला नाक लावलं तरी काही सांगत नाही, जीभ लावली तरी दार उघडत नाही, आत नुसता बंद पुठ्ठ्याचा वास, ती कामण. साडूभाऊ नुसतं "कामण" म्हणायचे, आणि ताई पुढचं काही न ऐकता उठायची, ती बाटली उचलायची आणि स्वयंपाकघरातल्या चिनी मातीच्या बरणीत उपडी करायची. ही बरणी शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची. नापास बाटल्यांचा ती शिरका लावते आणि तो इंद्याळात, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणात पडतो. तिच्या हातचं इंद्याळ खाल्लेला माणूस मनातल्या मनात प्रार्थना करतो, की साडूभाऊंच्या नशिबी आणखी कामण येवो. इतकी वर्षं हे चाललं होतं, की ताईच्या कानात तो शब्द शिरला, की तिचे पाय आपोआप उठायचे. एकदा बस कंडक्टरने "चला, कामण, कामण" असं ओरडल्यावर ती सीटवरून उभी राहिली होती. हे माझं नाही, तिनेच सांगितलंय.

तर अशा ह्या घरात लेकीने लग्न ठरवलं. मुलगा पुण्यात तिच्याच ऑफिसातला, घर नाशिककडे दिंडोरीच्या बाजूला. आडनाव वेगळं, देव वेगळे, सणवार वेगळे. ह्या सगळ्यावर दोन्ही घरांत बोलून बोलून लोक दमले आणि शेवटी पोरांच्या सुखापुढे दोघेही नरमले. मुलाची आई 'हो' म्हणाली होती. वडलांनी मात्र तोंडातून 'हो'ही काढलं नव्हतं आणि 'नाही'ही. "एकदा घर बघतो, माणसं बघतो, मग सांगतो," एवढाच त्यांचा निरोप. आणि हे वडील कोण? द्राक्षबागायतदार. आणि द्राक्षं कसली? खायची नव्हेत. वाइनची.

ते यायच्या आदल्या दिवशीच लेक पुण्याहून येऊन ठेपली, ती बापाच्या समोर खुर्ची ओढूनच बसली. मी तिथे होतो.

"पप्पा, उद्या ते त्यांच्या बागेतल्या द्राक्षांची बाटली घेऊन येणारेत. वाइनचा कारखाना देतो त्यांना दर वर्षी एक. घरी कोणी उघडत नाहीत, देवघराशेजारी ठेवतात. ती तुमच्यासाठी आणतायत."

"वा! मग ती सहावी. पाच मी आणल्यात."

"चाखणी करायलाच हवी का? नुसतं जेवून पाठवूया ना."

"बाय, बाटली आणणाऱ्या माणसासमोर ती चाखायची नाही, हा अपमान आहे."

"मग एक वचन द्या. कामण म्हणायचं नाही."

साडूभाऊंनी छडी खिळ्यावरून काढून पुसायला घेतली.

"पप्पा!"

"मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या आईच्या माहेरच्या वाइनलासुद्धा मी नालासोपारा म्हटलेलं आहे."

"आणि मी तीन दिवस जेवायला वाढलं नव्हतं," ताई आतून म्हणाली.

"खोटं नका बोलू. नुसते गप्प बसा," लेक म्हणाली. "त्यांनी ती बाटली कधी कोणाला दिली नाही, पप्पा. त्यांनी नाही म्हटलं, तर त्यांचा मुलगा घर सोडून लग्न करायला तयार आहे, पण मी नाही. मला कोणाचं घर तोडून जायचं नाही."

साडूभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वचन मात्र दिलं नाही. मी घरी येताना बायकोला म्हटलं, "उद्या एक तर लग्न मोडणार, नाही तर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणार. दोन्ही वाईटच."

रविवारी पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, एकटेच आले. उंच, सावळे, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ. बोलणं कमी, बघणं जास्त. त्यांनी आधी अंगणातली केळ बघितली, मग विहीर, मग घरातल्या अल्तारावरची, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावरची मेणबत्ती, मग भिंतीवरचा नकाशा. प्रत्येक वस्तूपुढे जरा थांबले. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढून दोन्ही हातांनी साडूभाऊंच्या हातात दिली. बाटलीला लेबल नव्हतं. "आमच्या प्लॉटचाच माल हाय," ते म्हणाले. "मला काय त्यातलं कळत नाही. द्राक्ष मी रोज चाखतो. पर ते एकदा कारखान्यात गेलं, की त्याचं काय व्हतं, मला काय माहीत? तुम्ही जाणकार, असं सूनबा... असं ही म्हणत होती."

'सूनबाई' म्हणता म्हणता ते थांबले. ते सगळ्यांनीच ऐकलं. लेकीने खाली बघितलं.

पाच बाटल्या झाल्या. साडूभाऊ अगदी रंगात आले होते. पहिली चांदीप, दुसरी वाघोली, तिसरीला त्यांनी छडी अर्नाळा किल्ल्यावर नेऊन टेकवली, तशी बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. नाशिककरांना हा प्रकार नवा होता. पण दोन पेल्यांनंतर त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "म्हणजे गावं वळखायची व्हय," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. आणि मग सहावी उघडली.

साडूभाऊंनी पेला नाकाशी नेला. थांबले. पुन्हा नेला. घोट घेतला. आमच्यातल्या प्रत्येकाने आपापल्या पेल्यातून तोच घोट घेतला आणि प्रत्येकाला तेच कळलं. दार बंद. आत पुठ्ठा. केळीवाल्या बागायतदाराने मिशा पुसायच्या निमित्ताने तोंड झाकलं. लेक बापाकडे बघत होती, तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट. मी मनात म्हणालो, मास्तर, एकदा तरी खोटं बोला हो. भूगोल बुडाला तरी चालेल.

साडूभाऊंनी छडी उचलली. नकाशापर्यंत गेले. आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "कामण."

ताई उठली. तिची काही चूक नाही. पाय उठले. तिने ती बाटली, टॉवेलात गुंडाळून नाशिकहून आणलेली, देवघराशेजारी ठेवलेली बाटली, मानेला धरून उचलली आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागली. उंबऱ्यापाशी पोचल्यावर तिला स्वतःलाच कळलं आपण काय करतोय, आणि ती तिथेच दगडासारखी उभी राहिली.

"कुठं चालली ती?" पाहुण्यांनी शांतपणे विचारलं. आणि मग, "कामण म्हंजे काय हो सर?"

बँकवाल्यांनी रिकामा पेला पुन्हा उजेडाकडे धरला. लेकीचे डोळे भरले होते.

साडूभाऊंनी छडी नकाशावर तशीच धरून ठेवली होती. ते पाहुण्यांकडे वळले. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाचा आवाज काय असतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

"तुम्ही आज येताना कामणवरूनच आलात. भिवंडी सोडली, की लागतं. काय दिसलं?"

"गोदामं," पाहुणे म्हणाले. "गोदामं आन् कंटेनर. तासभर अडकलो."

"बरोबर. रस्त्यावरून तेवढंच दिसतं. इतकी वर्षं मी पण ह्या लोकांना तेवढंच सांगत आलो, कामण म्हणजे गोदाम. माझी चूक. मी भूगोलाचा मास्तर, मला शोभत नाही." त्यांनी छडी हळूच वर सरकवली. "गोदामांच्या मागे काय आहे? हा बघा. डोंगर. हा तुंगारेश्वरापर्यंत गेलाय. इथे झाडी आहे, ओढे आहेत, पावसाळ्यात धबधबा पडतो. पण तो रस्त्यावरून दिसत नाही. गाडी थांबवावी लागते, उतरावं लागतं, वेळ द्यावा लागतो. तुमची ही वाइन आत्ता गोदामात आहे. देवघराशेजारी बंद होती ना? तिला बाहेर काढून वाऱ्याला बसू द्या. मग मी सांगतो कामण काय ते." आणि उंबऱ्यातल्या ताईला म्हणाले, "अगं, बघत काय उभी राहिलीस? पसरट पातेलं आणायला निघाली होतीस ना? आण."

ताईने पातेलं आणलं. तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जसं काही ती पातेल्यासाठीच उठली होती. पाहुण्यांनी आत डोकावून विचारलं, "मासळीचं न्हाय ना?" ताई म्हणाली, "पेजेचं आहे हो." साडूभाऊंनी बाटली उंचावरून त्या पातेल्यात ओतली, वर फडकं टाकलं नाही, आणि म्हणाले, "आता जेवू." जगात आजवर कुठल्याही वाइनचा एवढा मान पेजेच्या पातेल्यात झाला नसेल.

जेवण झालं. ताईने इंद्याळ केलं होतं, पाहुण्यांसाठी कोंबडीचं. त्यांनी विचारलं, "ही आंबट चव कशाची?" सगळेच पानात बघायला लागले. "घरचा शिरका," ताई म्हणाली, ते अगदी खरं होतं.

मग साडूभाऊंनी वाटीने पातेल्यातली वाइन पेल्यांत भरली. पहिला पेला पाहुण्यांना. त्यांनी नाकाशी नेला, आणि ते असे थांबले, जशी कोणी त्यांना मागून हाक मारली असावी. मी माझा घोट घेतला. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण हे तुम्ही कोणालाही विचारा. ती वाइन तीच नव्हती. पुठ्ठा गेला होता. हिरवा, गार, पानांतून येतो तसा काहीतरी वास, आणि खाली ओल्या दगडाचा.

"सर," नाशिककर पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले. "तोडणीच्या दिवशी सकाळी क्रेट भरताना बागेत हा वास येतो. दव असतं तेव्हा. एवढी वर्षं माल घालतोय कारखान्यात. मला वाटायचं, तो वास तिथंच राहतो, बाटलीत येत नाही."

"येतो," साडूभाऊ म्हणाले. "गोदामामागे असतो." आणि छडी घेऊन पुन्हा उठले, डोंगरावर टेकवली, आणि अभिमानाने आमच्याकडे वळून म्हणाले, "कामण!"

ताई उठली नाही.

पाहुणे उठून नकाशापाशी गेले आणि डोंगरावर बोट टेकवलं. मग टोपी सारखी करून लेकीला म्हणाले, "सूनबाई, तेवढं पातेलं इकडं घे गं. राहिलेलं ओत." ह्या वेळी शब्द मधे थांबला नाही.

लग्न झालं. दोन्हीकडच्या रीतींनी झालं, दोन्हीकडची माणसं दोन्हीकडच्या जेवणाला नावं ठेवून गेली. लेक आता नाशिकला असते. दर वर्षी व्याही एक बिनलेबलाची बाटली पाठवतात आणि बाजारच्या दिवशी सकाळी फोन करून विचारतात, "सर, आज पापलेट काय भाव?" हा भाव अलीकडे ऐकवत नाही. अर्नाळ्याच्या होड्या जातात तशाच रिकाम्या येतात, आणि आता ऑक्टोबरातही पापलेट पावसाळ्यातल्या भावाने मिळतं. नियमाप्रमाणे आता आम्ही किल्ल्याची, घोड्याची, मुकुटाची, कुठलीही बाटली घेऊ शकतो. केळीवाला बागायतदार परवा खुशीत म्हणाला, "सर, आता आपल्याला सगळंच परवडतं." साडूभाऊ दुकानातून तीच साधी, हलकी बाटली घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आपली ऐपत वाढली नाही रे. समुद्राची घटली." बाजारातल्या कोळणीला मात्र ते आता एक घोट खरोखरच पाठवतात. ती म्हणते, "सर, पापलेट नाय ऱ्हायलं, तवा मीच पिते."

परवाच्या रविवारी आम्ही ओटीवर बसलो होतो. पाच झाल्या होत्या. सहावी, व्याह्यांची, टेबलावर बंदच होती. बँकवाल्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. साडूभाऊ नकाशाकडे तोंड करून छडी मांडीवर घेऊन बसले होते, आणि मला एकदम ते थकलेले दिसले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसलेल्या मास्तरासारखे. मग टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून कंटेनरचे हॉर्न ऐकू येत होते, इतके, की लेकीला ओरडावं लागलं. साडूभाऊंनी "हं, हं" केलं, फोन ठेवला आणि उठून बाटलीला हात घातला.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

साडूभाऊंनी बूच काढलं, वाइन उंचावरून पातेल्यात ओतली आणि पातेलं ओटीच्या कडेला, वाऱ्यावर, रस्ता दिसेल असं नेऊन ठेवलं.

"कामण," ते म्हणाले.

आणि ताई उठली. ह्या वेळी ती स्वयंपाकघराकडे नाही, फाटकाकडे गेली.